शाळा घरी आली तेव्हा : ऑनलाइन हायस्कूल आणि समान संधी



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल, याची मला कल्पना आहे. ऑनलाइन हायस्कुलात भेदभाव नसावा, सगळ्या मुलामुलींना समान संधी असावी, याबद्दल दुमत कुणाचं आहे? अशा शाळेचं माहितीपत्रक काढून पाहा. जात, धर्म, लिंग, भाषा, अपंगत्व यांवरून आम्ही कुणालाही प्रवेश नाकारत नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यात बहुधा सापडेल. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मी असं धरून चालतो, की शाळा ते वाक्य मनापासून पाळते. कुणाला जात विचारून परत पाठवत नाही, मुलींच्या जागा कमी करत नाही, सगळ्यांना तोच पाठ, तोच शिक्षक आणि तीच परीक्षा देते. आणि तरीही मला विचारायचं आहे : हे सगळं पाळूनसुद्धा ती शाळा मोठी विषमता घडवू शकते का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. आज मी जे काही बोलणार आहे, ते या एका उत्तराची कारणं सांगण्यासाठी.

मुख्य कारण सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपली नेहमीची शाळा, अगदी पत्र्याच्या छपराची जिल्हा परिषदेची शाळा घेतली तरी, एक काम गाजावाजा न करता करत असते. ती मुलाला दिवसातले पाच-सहा तास घराबाहेर काढते. त्या तासांत बागायतदाराच्या मुलाला आणि शेतमजुराच्या मुलीला फळा एकच, उजेड एकच, घंटा एकच. त्या मुलीला तेवढ्या वेळात कुणी भांडी घासायला हाक मारू शकत नाही. शाळेत विषमता नसते, असं मी म्हणत नाही. मागच्या बाकावर कुणाला बसवलं गेलं आणि पाण्याच्या माठापासून कुणाला लांब ठेवलं गेलं, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते सगळंच इतिहासजमा झालेलं नाही. पण वर्गाची खोली, बाक, वेळ आणि शांतता तरी शाळा पुरवत होती. ऑनलाइन शाळा यातलं काहीही पुरवत नाही. खोली घरची, बसायची जागा घरची, वीज घरची, फोन घरचा, रिचार्ज घरचा आणि शांतताही घरचीच. म्हणजे शाळेची अर्धी इमारत आता पालकांनी उभी करायची आहे. ज्याचं जसं घर, तशी त्याची शाळा. मग ‘आम्ही सगळ्यांना सारखंच देतो’ या म्हणण्यात अर्थ किती उरला? देणाऱ्याने सारखं दिलं असेलही, पण घेणाऱ्याच्या हातात सारखं पडतं का, हे बघायची जबाबदारी कुणाची?

काहींना वाटेल, हे करोनाकाळातलं बोलणं झालं. शाळा उघडल्या, विषय मिटला. तसं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, म्हणजे एनआयओएसने, आपली आभासी शाळा सुरू केली. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली सरकारने नववी ते बारावीसाठी ‘दिल्ली मॉडेल व्हर्च्युअल स्कूल’ जाहीर केलं आणि देशातल्या कोणत्याही राज्यातल्या तेरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला तिथे अर्ज करायची मुभा दिली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याची सरकारी ऑनलाइन शाळा तर १९९७ पासून चालू आहे. टाळेबंदीत शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर पाठ पाठवले ती अडचणीतली धडपड होती, आणि त्या धडपडीतल्या उणिवा आपण समजून घेतल्या. आता जे उभं राहतं आहे ती बोर्डाच्या परीक्षेला विद्यार्थी बसवणारी, फी घेणारी किंवा सरकारी निधीवर चालणारी कायमची संस्था आहे. तिला तीच सवलत देता येणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं सगळं उलट्या अर्थाने ऐकलं जाईल. मी ऑनलाइन शाळेच्या विरोधात बोलायला उभा नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी जी कुटुंबं बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं नववीचं वर्ष फडात संपतं, आणि त्यानंतर बऱ्याचदा शाळेऐवजी लग्न येतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर प्राथमिक शाळा असते, हायस्कूल लांब असतं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला दुसऱ्या मजल्यावरचा दहावीचा वर्ग दुरूनच बघावा लागतो. या सगळ्यांना आपल्यापर्यंत चालत येणारी शाळा हवीच आहे. ज्यांच्यासाठी ती सर्वांत मोलाची आहे त्यांच्याच हातातून ती सर्वांत आधी निसटते, म्हणून मी आज बोलतो आहे.

कायद्याकडे बघू. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पण हा हक्क आहे सहा ते चौदा या वयाचा, आठवीपर्यंतचा. खासगी शाळेत वंचित मुलांसाठी पंचवीस टक्के जागा, प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घ्यायला मनाई, देणगी उकळायला मनाई, हे सगळं संरक्षण त्या मर्यादेच्या आतलं. आणि हायस्कूल सुरू होतं नववीला. म्हणजे जिथे शिक्षणहक्क कायदा हात सोडतो, नेमकं तिथेच ऑनलाइन हायस्कूल मुलाचा हात धरतं. तिथून पुढे काय आहे? संविधानाचं पंधरावं कलम राज्यसंस्थेला भेदभाव करू देत नाही. एकोणतिसाव्या कलमाचा दुसरा भाग सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारू देत नाही. विनाअनुदानित खासगी ऑनलाइन शाळेपर्यंत ही मनाई थेट पोचत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र अठरा वर्षांपर्यंत साथ देतो. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला अठरा वर्षांचं होईपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. दहावीचा दिव्यांग विद्यार्थी कायद्याच्या छत्राखाली आणि त्याच्या शेजारची दलित किंवा आदिवासी मुलगी छत्राबाहेर, अशी आजची अवस्था आहे.

न्यायालयांनी हा प्रश्न ओळखला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी शाळांना सांगितलं, की पंचवीस टक्क्यांतून आलेल्या गरीब मुलांना ऑनलाइन वर्गासाठी लागणारं उपकरण आणि इंटरनेट शाळेने विनामूल्य द्यावं, तो खर्च सरकारकडून मागावा. एकाच वर्गातली काही मुलं साधन नाही म्हणून बाहेर राहिली तर त्यांच्या मनात कमीपणाची भावना रुजेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. घरात फोन नसणं ही पालकांची खासगी अडचण नाही, ती वर्गात घडणारी विषमता आहे, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आदेशाला स्थगिती दिली. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिजिटल दरीचे गंभीर परिणाम बोलून दाखवले आणि सरकारने यावर मार्ग काढायला हवा असं सुनावलं. तोवर शाळा उघडायला लागल्या होत्या. ज्या मुलांसाठी हा वाद चालला होता त्यांचं दीड वर्ष निघून गेलं होतं.

आता आकडे. थोडेच देतो, पण ते नीट ऐकावेत अशी विनंती आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम चार टक्के घरांत संगणक होता आणि इंटरनेटची सोय सुमारे पंधरा टक्के घरांत. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमधल्या सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती आठ टक्के. त्यातही दलित-आदिवासी मुलं वेगळी मोजली तर चार टक्के आणि बाकीची पंधरा टक्के. ही तफावत पुन्हा एकदा लक्षात घ्या. ज्या शाळांमध्ये ही मुलं होती त्यांनी जात विचारून कुणाचीही लिंक बंद केली नव्हती. एकाही शिक्षकाने ‘तू येऊ नकोस’ म्हटलं नसेल. तरी निकाल जातीप्रमाणे लागला. भेदभाव करणारा माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि भेदभाव मात्र आकड्यांत उभा आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे आकडे जुने झाले, आता घरोघरी स्मार्टफोन आहे, काही वर्षांत हा प्रश्न आपोआप सुटेल. पहिला अर्धा भाग खरा आहे. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या सुमारे नव्वद टक्के मुलामुलींच्या घरात स्मार्टफोन आढळला. पण त्याच पाहणीतला पुढचा प्रश्न होता : फोन वापरता येणाऱ्यांपैकी किती जणांचा स्वतःचा फोन आहे? मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. घरात फोन आला, तो मुलाच्या हातात गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातही ३८ आणि ६१.५ अशीच दरी होती. म्हणजे उपकरणांची संख्या वाढल्याने घराघरातलं अंतर कमी होतं, घरातल्या घरातलं अंतर तसंच राहतं. शाळेचा वर्ग फोनवर भरत असेल तर फोन कुणाकडे आहे यापेक्षा सकाळी दहा वाजता तो कुणाच्या हातात आहे, हे विचारावं लागेल.

आणि नुसता फोन हातात येऊन भागत नाही; वेळही हातात असावा लागतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला त्या विनामोबदला कामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. दहावीतली मुलगी घरी असते तेव्हा ती घराच्या दृष्टीने ‘मोकळी’ असते. शाळेत गेलेल्या मुलीला हाक मारता येत नाही, फोनसमोर बसलेल्या मुलीला मारता येते. धाकट्या भावाला सांभाळ, दूध उतू जातंय बघ, पाहुणे आलेत चहा टाक. त्या वेळी वर्गात बीजगणित चालू असतं. तास बुडाला याची नोंद शाळेकडे होते ‘विद्यार्थिनी अनुपस्थित’ अशी, आणि वर्षाअखेर तिच्या कमी गुणांचं कारण होतं तिचा आळस. याहून काळजीची गोष्ट म्हणजे ऑनलाइन शाळा मुलीला घरात ठेवण्याचं एक सभ्य निमित्त होऊ शकते. ‘शिक्षण बंद केलं नाही, घरूनच शिकते आहे’ असं म्हणता येतं. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवली तेव्हा मुलींचं घराबाहेर पाऊल टाकणं हाच त्या शिक्षणाचा अर्धा अर्थ होता. ते पाऊल आपण नकळत मागे घेत नाही ना, हे बघायला हवं. केरळ उच्च न्यायालयासमोर २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचं प्रकरण आलं होतं. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी मोबाइल जमा करण्याचा नियम तिने पाळला नाही म्हणून तिला बाहेर काढलं होतं. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असं सांगून न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं. मुलीच्या हातातला फोन बिघडण्याचं लक्षण मानायचा की वहीसारखं साधन, हा प्रश्न तेव्हाच न्यायालयापर्यंत पोचला होता.

मग शाळेने काय करायचं? लोकांच्या घरात शिरायचं का? हा दुसरा आक्षेप, आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा. शाळेने पाठ द्यावा, घर सुधारणं हे शाळेचं काम नाही, असं म्हटलं जातं. याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जायला नको. कोल्हापूरला जाऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, हे आपण सारे जाणतो. पण या दोन्हींच्या आधी, १९०१ मध्ये, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत विद्यार्थ्यांची वसतिगृहं झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापुरात शाळा होत्या. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, जेवायला ताट नव्हतं, दिवा नव्हता. शाळेचं दार उघडं असून भागत नाही, त्या दारापर्यंत येणाऱ्याच्या राहण्या-जेवण्याची जबाबदारी शिक्षण देणाऱ्यानेच घ्यावी लागते, हे महाराजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कृतीने सांगितलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणलं. महाराष्ट्रातल्या बहुजन शिक्षणाचा पाया शाळांइतकाच वसतिगृहांनी घातला. त्या काळात कुणी महाराजांना म्हणू शकलं असतं, की मुलाच्या जेवणाशी शिक्षणाचा काय संबंध? आज ऑनलाइन शाळेच्या बाबतीत आपण तेच म्हणतो आहोत.

ऑनलाइन हायस्कुलाला आपलं वसतिगृह बांधावंच लागेल. ते विटांचं असेलच असं नाही. तालुक्याच्या गावी, ग्रामपंचायतीच्या इमारतीत किंवा रिकाम्या पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत अभ्यासकेंद्र : वीज, इंटरनेट, चार संगणक, स्वच्छतागृह आणि मुलींना ये-जा करायला सुरक्षित वाटेल अशी जबाबदार बाई. ऊसतोडीच्या हंगामात हेच केंद्र साखर कारखान्याच्या आवारात. प्रत्येक तासाचं ध्वनिमुद्रण, जे रात्री उशिरा किंवा पहाटे ऐकता येईल. ज्यांच्या गावात नेट रांगतं त्यांच्यासाठी पाठाचा मजकूर आणि नुसता आवाज, चित्रफितीशिवाय. छापील पुस्तक पोस्टाने. हजेरी मोजायची ती थेट तासाला कॅमेरा चालू होता की नाही यावर नव्हे, दिलेलं काम झालं की नाही यावर. यातल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही. शाळेने आपली सोय थोडी बाजूला ठेवावी लागते.

खर्चाचा आक्षेप मी इथेच निकालात काढतो. ऑनलाइन शाळा इमारत, मैदान, प्रयोगशाळा, बस यांचा खर्च वाचवते, म्हणूनच ती स्वस्त आहे असं तिचे पुरस्कर्ते सांगतात. वाचलेला हा खर्च कुठे गेला? त्यातला मोठा भाग पालकांच्या खिशावर पडला. तो थोडासा परत करा, एवढंच मागणं आहे.

आता एका गैरसमजाकडे. पडद्यावर जात दिसत नाही, असं मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. पडद्यावर प्रत्येक मुलाच्या चौकटीखाली त्याचं पूर्ण नाव येतं, आडनावासकट, आणि आपल्याकडे आडनाव काय काय सांगतं हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती असली की मागची भिंत दिसते, पत्र्याचं छप्पर दिसतं, एकाच खोलीत चाललेला स्वयंपाक दिसतो. माइक चालू केला की बोली ऐकू येते; अहिराणी, वऱ्हाडी, पावरी. वर्गात निदान सगळे एका खोलीत होते. इथे प्रत्येक मूल आपलं घर पाठीवर घेऊन वर्गात येतं, आणि ते सगळ्यांना उघडं दिसतं. कितीतरी मुलं नेट नाही म्हणून कॅमेरा बंद ठेवतात असं आपण समजतो. त्यातली काही लाजेने बंद ठेवत असतील, हे शाळेने समजून घ्यावं. फक्त पहिलं नाव दाखवायची मुभा, पार्श्वभूमी झाकायची सोय, बोलीत उत्तर दिलं तर ते न हसता घेणारा शिक्षक, या गोष्टी शाळेच्या लेखी नियमांत असायला हव्यात, शिक्षकाच्या मर्जीवर नाहीत.

यंत्राबद्दलही बोलायला हवं, कारण आता परीक्षेवर देखरेख यंत्रं करू लागली आहेत. ‘यंत्राला जात नसते’ हे वाक्य ऐकायला छान आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्या यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. त्याला ज्यांचे चेहरे दाखवून शिकवलं, तेच चेहरे त्याला नीट दिसले. आपल्या सावळ्या मुलीचा चेहरा अंधूक उजेडात, स्वस्त फोनच्या कॅमेऱ्यात अशा यंत्रासमोर येईल आणि ते तिला ‘संशयास्पद’ ठरवेल, तेव्हा तिने दाद कुणाकडे मागायची? शाळेने निदान एवढं ठरवावं, की यंत्राच्या एकट्याच्या सांगण्यावरून कुणाही विद्यार्थ्यावर कॉपीचा ठपका येणार नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर शाळेचं दार आणि शाळेचं संकेतस्थळ ही एकच गोष्ट आहे. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या मदतीने शिकतो. पाठ जर नुसत्या छायाचित्रासारखा चढवलेला असेल तर त्याच्यापुरतं ते कोरं पान. कर्णबधिर मुलीला व्याख्यानाखाली मजकूर नसेल तर समोर नुसते हलणारे ओठ. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाने २०१३ मध्ये ओहायो राज्यातल्या एका ऑनलाइन शाळेला याच कारणावरून संकेतस्थळ आणि शिकण्याची साधनं बदलायचं लेखी मान्य करायला लावलं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल बँकांच्या ओळख-पडताळणीबद्दल होता, पण त्याचं तत्त्व शाळेला लागू होऊ नये असं कारण मला दिसत नाही. विद्यार्थ्याने तक्रार केल्यावर सोय करायची, ही पद्धत चुकीची आहे. रॅम्प इमारतीबरोबर बांधतात, चाकाची खुर्ची दारात आल्यावर नाही.

‘पण सगळ्यांना वेगवेगळं देत बसलात तर गुणवत्तेचं काय? तीच समानता का?’ हा आक्षेप घेणाऱ्यांना मी १९७४ चा एक अमेरिकन निकाल सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी आणि त्यासाठी वेगळी मदतही न मिळणारी सुमारे अठराशे चिनी वंशाची मुलं होती. शाळेचं म्हणणं, आम्ही त्यांना तेच वर्ग, तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तीच पुस्तकं देणं ही समान वागणूक होत नाही. मराठी माध्यमातून आठवी झालेलं मूल इंग्रजी माध्यमाच्या ऑनलाइन हायस्कुलात येतं आणि पहिल्याच महिन्यात मागे पडतं, तेव्हा त्याची गुणवत्ता मोजली गेली की त्याच्या वडिलांनी निवडलेली बालवाडी? परीक्षा सगळ्यांना एकच आणि कठोरच असू द्या. परीक्षेपर्यंत पोचायच्या वाटेवर एकाला डांबरी रस्ता आणि दुसऱ्याला चिखल नको, एवढंच मी म्हणतो.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त भीतीचा वाटतो. समजा, या सगळ्या सोयी झाल्या. मग प्रशासनाला एक सोपा मार्ग दिसेल. दिव्यांग मुलासाठी लिफ्ट कशाला, ऑनलाइन आहे ना. पाड्यावर हायस्कूल कशाला, ऑनलाइन आहे ना. लग्न झालेल्या, मूल कडेवर असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला वर्गात कशाला बसवायचं, ऑनलाइन आहे ना. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायला ते उत्तम कारण होईल. अशा रीतीने ज्यांना वर्गात घ्यायची आपली तयारी नाही त्यांची एक वेगळी शाळा तयार होईल, आणि तिच्यावर ‘सर्वांसाठी खुली’ असं लिहिलेलं असेल. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्या वेगळ्या शाळाही कधीकाळी दयाबुद्धीनेच निघाल्या असतील. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला, तो पर्याय म्हणून योग्यच आहे. पण पर्याय कुणी निवडायचा? मुलाने आणि पालकांनी. शाळेने नाही, शिक्षणाधिकाऱ्यांनी नाही. शेजारच्या हायस्कुलाचं दार उघडं असताना कुणी ऑनलाइन शाळा निवडली तर ती संधी आहे. ते दार लावून घेऊन दिली तर ती हद्दपारी आहे, आणि ती कितीही वेगवान इंटरनेटवर दिली तरी हद्दपारीच राहते.

मित्रहो, अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. हायस्कूलही मोठ्या प्रमाणावर तसं होईल तो दिवस फार लांब नाही. आपल्यात संस्थाचालक आहेत, शिक्षक आहेत, पालक आणि पत्रकार आहेत. तुमच्या जिल्ह्यात अशी शाळा येईल, किंवा तुमची संस्थाच ती काढेल, तेव्हा माहितीपत्रकातल्या वाक्यावर थांबू नका. जूनमध्ये पटावर किती विद्यार्थी होते आणि मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला किती बसले, हे विचारा. त्यांत मुली किती, अनुसूचित जाती-जमातींची मुलं किती, दिव्यांग किती, मराठी माध्यमातून आलेली किती, हे वेगवेगळं मागा. मधल्या नऊ महिन्यांत जी गळली त्यांना शोधायला शाळेतून कोण गेलं, त्याचं नाव विचारा. आणि जी शाळा हे आकडे द्यायला तयार नसेल तिच्या मान्यतेला शिक्षण विभागाकडे लेखी हरकत नोंदवा.